घटक ६ : सहाध्याय्याच्या निबंधावर अभिप्राय

६.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

• स्तुती, दोषदर्शन, दुरुस्ती आणि अभिप्राय यांतील भेद स्पष्ट करता येईल.
• निबंधाचा मसुदा कोणत्या क्रमाने वाचावा, हे सांगता येईल.
• लेखकाला पुनर्लेखनासाठी उपयोगी पडेल असा अभिप्राय लिहिता येईल.
• बोलीचा प्रभाव आणि लेखनातील दोष यांत विवेक करता येईल.
• स्वतःच्या मसुद्यावर आलेल्या अभिप्रायाचा योग्य वापर करता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, निबंधाचा आराखडा कसा करावा आणि पहिला मसुदा कसा लिहावा, हे तुम्ही आता जाणता. मसुदा हाती आल्यावर बहुतेक विद्यार्थी तो सुवाच्य अक्षरात उतरवून काढतात आणि स्वाध्याय म्हणून सादर करतात. म्हणजे त्या लेखनाचा पहिला वाचक हाच त्याचा परीक्षक ठरतो. परीक्षकाचे मत कळते तेव्हा लेखनात बदल करण्याची वेळ निघून गेलेली असते.

नियमित महाविद्यालयातील विद्यार्थ्याला वर्गमित्र रोज भेटतो; मधल्या सुटीत वही पुढे करून ‘जरा वाच’ असे म्हणता येते. मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला ही सोय नसते. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारा, बदलापूरहून सकाळची लोकल पकडून मुंबईला जाणारा किंवा उल्हासनगरात दुकान सांभाळून रात्री अभ्यास करणारा विद्यार्थी बहुतांशी एकटाच लिहितो आणि आपले लिखाण एकटाच वाचतो. आपल्याला जे म्हणायचे होते ते आपल्याला ठाऊक असल्यामुळे, ते कागदावर उतरले आहे की नाही, हे स्वतःला सहसा दिसत नाही. त्यासाठी दुसऱ्याचे डोळे लागतात.

संपर्कसत्रात भेटणारा सहाध्यायी हे डोळे देऊ शकतो. तो समंत्रकाची जागा घेत नाही, गुणही देत नाही. निबंध अजून बदलता येण्याजोगा असताना तो वाचणारा वाचक एवढीच त्याची भूमिका असते, आणि ती फार मोलाची आहे. ही भूमिका कशी पार पाडावी, याचा विचार या घटकात करावयाचा आहे.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ अभिप्राय म्हणजे काय?

मसुदा वाचून झाल्यावर वाचक साधारणपणे चारपैकी एका प्रकारे बोलतो. ‘छान जमलाय’ ही स्तुती झाली. ‘काही खरे नाही, पुन्हा लिहा’ हे दोषदर्शन झाले. लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ सुधारून देणे ही दुरुस्ती झाली. ‘दुसऱ्या परिच्छेदापर्यंत तुमचा मुद्दा मला स्पष्ट कळला, तिसऱ्यात विषय एकदम बदलला आणि माझा धागा सुटला, तेथे एखादे जोडवाक्य हवे का?’ हा अभिप्राय झाला.

स्तुती आणि दोषदर्शन ही वरवर पाहता दोन टोके वाटतात. लेखकाच्या दृष्टीने मात्र दोहोंत एक साम्य आहे : दोन्ही ऐकल्यावर पुढे काय करावे, हे त्याला कळत नाही. दुरुस्तीने काही शब्द सुधारतात, पण विचार जेथे होता तेथेच राहतो. अभिप्रायात तीन गोष्टी असतात : वाचताना वाचकाच्या मनात काय घडले, ते मसुद्यात नेमके कोठे घडले, आणि लेखकाला तेथे काय करून पाहता येईल. यांपैकी दुसरी गोष्ट, म्हणजे जागेचा निर्देश, सर्वांत जास्त विसरली जाते. ‘भाषा बोजड आहे’ या वाक्याचा उपयोग नाही. ‘तिसऱ्या परिच्छेदातील पहिले वाक्य मला दोनदा वाचावे लागले’ या वाक्याचा आहे.

मराठी वाङ्मयव्यवहाराला ही रीत नवी नाही. १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातील कवी नियमितपणे एकत्र जमत, आपापल्या कविता वाचून दाखवत आणि त्यांवर चर्चा करत. पुढच्या काळात ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे लेखकांशी त्यांच्या हस्तलिखितांविषयी सविस्तर पत्रव्यवहार करत, पुनर्लेखन सुचवत. ‘साभार परत’ एवढाच शेरा मारलेले पाकीट आणि असे एखादे सविस्तर पत्र यांतला फरक लक्षात घेतला, म्हणजे अभिप्रायाचे स्वरूप ध्यानात येते. पाकीट लेखकाला दाराबाहेर ठेवते. पत्र त्याला पुन्हा टेबलाशी बसवते.

६.२.२ एक स्थानिक दाखला : अंबरनाथचा शिलालेख

दुसऱ्याच्या लेखनातील चूक कशी दाखवावी, याचा एक उत्तम दाखला अंबरनाथमध्येच आहे. वालधुनी नदीकाठच्या भूमिज शैलीतील शिवमंदिरात एक शिलालेख आहे. उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील मामवाणी राजाच्या काळातील हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी वाचून प्रसिद्ध केला. त्यातील वर्ष त्यांनी शके ७८२, म्हणजे इ. स. ८६०, असे वाचले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा तपासला आणि वर्ष शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असल्याचे दाखवले. शतकाच्या जागचा एकच अंक वेगळा वाचला गेला आणि मंदिराचा काळ दोनशे वर्षांनी पुढे आला. आज इ. स. १०६० हेच वर्ष ग्राह्य मानले जाते.

या प्रसंगात आपल्याला शिकण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. पहिली, भगवानलाल हे भाऊ दाजींचे अनेक वर्षांचे साहाय्यक होते. वयाने आणि मानाने ते धाकटे होते, तरी ज्येष्ठाचे वाचन तपासणे त्यांना अनुचित वाटले नाही. दुसरी, तपासणीचा आधार होता दगडावरचा लेख. तेथे व्यक्तीविषयीच्या मताला स्थान नव्हते. प्रश्न ‘कोणाचे खरे?’ असा नव्हता, ‘येथे काय कोरले आहे?’ असा होता. तिसरी, या दुरुस्तीमुळे भाऊ दाजींचे कार्य पुसले गेले नाही. त्यांनी लेख वाचून अभ्यासकांपुढे ठेवला, म्हणूनच तो पुन्हा तपासता आला.

सहाध्याय्याचा मसुदा वाचताना हेच सूत्र पाळावे. बोट कागदावरच्या ओळीवर ठेवावे. लिहिणाऱ्याकडे रोखू नये.

६.२.३ वाचनाचा क्रम

मसुदा हाती आला की पेन्सिल उचलण्याचा मोह होतो. तो आवरावा. पहिले वाचन हात मोकळे ठेवून, सलग करावे. ते संपल्यावर मसुदा बाजूला ठेवून, ‘या निबंधाचे म्हणणे काय?’ या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात लिहून पाहावे. हे वाक्य लिहिता आले नाही, तर तोच तुमच्या अभिप्रायातील पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असतो. लिहिता आले, तर ते लेखकाला वाचून दाखवावे. ‘मला हे म्हणायचेच नव्हते’ असे उत्तर आले, तरी दोघांचाही फायदाच आहे.

दुसरे वाचन तीन पातळ्यांवर, वरून खाली करावे :

(अ) आशय : मध्यवर्ती विधान कोणते? त्याला आधार कशाचा? दिलेली माहिती कोठून घेतली आहे?
(आ) रचना : परिच्छेदांचा क्रम विधानाकडे नेतो का? कोणता परिच्छेद काढला तरी निबंधाचे काही बिघडणार नाही?
(इ) भाषा : कोणते वाक्य अडते? कोणता शब्द वारंवार येतो? शुद्धलेखनाची कोणती चूक पुन्हा पुन्हा दिसते?

हा क्रम उलटू नये. जो परिच्छेद पुढे गाळावाच लागणार आहे, त्यातील वेलांट्या सुधारण्यात दोघांचाही वेळ जातो. शिवाय सुधारलेला परिच्छेद गाळण्यास लेखकाचे मन धजत नाही.

६.२.४ नमुना मसुदा आणि त्यावरील अभिप्राय

पुढील परिच्छेद ‘माझ्या गावातील ऐतिहासिक स्थळ’ या विषयावरील निबंधाचा नमुना म्हणून रचला आहे. तो वाचा.

“अंबरनाथचे शिवमंदिर खूप प्राचीन व सुंदर आहे. हे मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले असे लोक म्हणतात. हे मंदिर इ. स. ८६० मध्ये बांधले गेले. मंदिरावर सुंदर कोरीवकाम आहे. आपली संस्कृती महान होती. शेजारून वालधुनी नदी वाहते पण ती आज नाल्यासारखी झाली आहे. लहानपणी आजी सांगायची की ती या नदीवर कपडे धुवायची. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. आपण सर्वांनी आपला वारसा जपला पाहिजे.”

या मसुद्यावरील तीन प्रतिक्रिया पाहू.

पहिली : ‘फार छान! वाचून अभिमान वाटला.’ ही प्रतिक्रिया सद्भावनेने दिलेली आहे. पण तिच्यामुळे चुकीचे वर्ष तसेच राहील आणि निबंध आहे त्याच रूपात परीक्षकाकडे जाईल. खोटी स्तुती त्या क्षणी गोड लागते. तिची किंमत मात्र लेखकाला नंतर मोजावी लागते.

दुसरी : ‘हे शाळेतल्या निबंधासारखे झाले आहे. बी.ए.ला असे चालत नाही.’ या वाक्यात तथ्यांश असेलही. परंतु वीस वर्षांच्या खंडानंतर पुन्हा लेखणी हाती घेतलेल्या विद्यार्थ्याला त्यातून एवढेच ऐकू येते की, आपण येथे यायला नको होते. असे एक वाक्य एखाद्याचे शिक्षण थांबवू शकते. त्यामुळे कठोर भाषा हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न उरत नाही.

तिसरी : ‘आजी ज्या नदीवर कपडे धुवायची ती आज नाल्यासारखी झाली आहे, ही वाक्ये वाचताना मी थांबलो. ही माहिती मला दुसऱ्या कोणत्याही पुस्तकात मिळाली नसती. मंदिर टिकले आणि नदी टिकली नाही, असे तुम्हांला म्हणायचे आहे का? तसे असेल, तर हा मुद्दा सुरुवातीला आणता येईल. इ. स. ८६० हे वर्ष कोठून घेतले? शिलालेखातील वर्षाचे इ. स. १०६० हे वाचन आता मान्य आहे, पडताळून पाहा. पांडवांची कथा आणि हे वर्ष लागोपाठ आल्यामुळे दोन्ही सारखीच खरी वाटतात. आख्यायिका कोणती आणि इतिहास कोणता, हे वेगळे दाखवता येईल. “सुंदर” हा शब्द दोनदा आला आहे. तुम्ही पाहिलेले एखादे शिल्प वर्णन करून सांगितले, तर तो शब्द लागणारही नाही. शेवटचे वाक्य कोणत्याही गावाच्या निबंधात चालेल. तुमच्या गावासाठी वेगळे काय सांगाल?’

तिसरा अभिप्राय लांब आहे. पण त्याची रचना साधी आहे. आधी मसुद्यातील सर्वांत जिवंत जागा दाखवली आहे. हे औपचारिक कौतुक नव्हे. लेखकाने कशाचा आधार घेऊन पुढे जावे, याची ती खूण आहे. नंतर आशय, रचना, भाषा हा क्रम पाळला आहे. मतापेक्षा प्रश्नांवर भर आहे. आणि मुख्य म्हणजे, एकही वाक्य लेखकाऐवजी लिहून दिलेले नाही.

हा शेवटचा मुद्दा नीट लक्षात ठेवा. ‘थांबा, मीच लिहून देतो’ असे म्हणणे हे साहाय्य नव्हे. स्वाध्याय हा विद्यार्थ्याचा स्वतःचा असला पाहिजे, हा नियम तर आहेच. शिवाय तयार वाक्य हाती पडले की लेखकाचा विचार तेथेच थांबतो. अडचण दाखवावी, दिशा सुचवावी. वाट लेखकाला चालू द्यावी.

६.२.५ बोली, दुसरी भाषा आणि शुद्धलेखन

अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर या पट्ट्यातील एकाच अभ्यासगटात आगरी बोली घरी बोलणारे, सिंधी मातृभाषा असणारे आणि घाटावरून कामासाठी येऊन स्थायिक झालेले विद्यार्थी एकत्र बसलेले असू शकतात. त्यांच्या मसुद्यांत वेगवेगळ्या खुणा दिसतील. आगरी बोलीत ‘ळ’च्या जागी ‘ल’ आणि ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. त्यामुळे ‘डोला’, ‘पानी’ अशी रूपे लेखनात उतरतात. सिंधीत पुल्लिंग आणि स्त्रीलिंग ही दोनच लिंगे आहेत. म्हणून सिंधी भाषकाला मराठीतील नपुंसकलिंग अडते आणि ‘माझे घर’ऐवजी ‘माझा घर’ असे लिहिले जाते.

अशा वेळी तीन पथ्ये पाळावीत. एक, ही ‘अशुद्ध मराठी’ आहे असे म्हणू नये. बोलीला तिचे स्वतःचे नियम असतात. औपचारिक निबंधासाठी प्रमाणभाषेचे संकेत वेगळे आहेत, इतकेच. दोन, प्रत्येक ठिकाणी खूण करत बसू नये. एकाच प्रकारची चूक पंधरा वेळा झाली असेल, तर ती पंधरा चुका नसून एक सवय असते. ती एकदा नाव घेऊन सांगावी, दोन उदाहरणे द्यावीत आणि उरलेली लेखकाला शोधू द्यावीत. लाल खुणांनी भरलेले पान पाहून कोणी शिकत नाही. तीन, संवादात किंवा आठवणीत बोली हेतुपूर्वक आली असेल, तर ती तशीच राहू द्यावी. आजीच्या तोंडचे वाक्य प्रमाणभाषेत बदलले, तर आजीच निबंधातून निघून जाते.

शुद्धलेखनाविषयी वाद झाल्यास मराठी साहित्य महामंडळाचे आणि महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेले नियम पाहावेत. ‘मला शाळेत असे शिकवले होते’ हा आधार पुरेसा नाही.

६.२.६ अनुभवपर निबंध वाचताना

काही निबंध माहितीचे नसतात, जगण्याचे असतात. उल्हासनगरचेच पाहा. दुसऱ्या महायुद्धकाळातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना वसवण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तेथील पत्त्यांत ‘कॅम्प नंबर’ येतो. एखाद्या सहाध्यायिनीने आपल्या आजोबांच्या स्थलांतराविषयी लिहिले, तर तिच्या मसुद्यावर पहिला शेरा ‘विरामचिन्हे तपासा’ असा असू नये.

याचा अर्थ असा नव्हे की, अशा लेखनाविषयी काही बोलूच नये. दुःख खरे असले तरी त्याचे लेखन अपुरे असू शकते. किंबहुना, जे सांगणे कठीण असते तेच बहुधा घाईने लिहिले जाते. येथे अभिप्राय अनुभवावर देऊ नये, लेखनावर द्यावा. ‘आजोबांना इतके वाईट वाटले असेल का?’ असा प्रश्न विचारू नये. ‘आजोबा छावणीत आले त्या दिवशी त्यांच्यासोबत काय होते, हे मला जाणून घ्यावेसे वाटले, ते घरी कोणाला ठाऊक आहे का?’ असे विचारावे. पहिला प्रश्न अनुभवावर शंका घेतो; दुसरा तो अनुभव अधिक स्पष्ट दिसावा म्हणून विचारलेला आहे. लेखिकेला त्याचे उत्तर द्यायचे नसेल, तर तिच्या नकाराचा मान राखावा.

६.२.७ लेखी अभिप्राय आणि त्याचा स्वीकार

तुमच्यापैकी अनेकजण मसुद्याची छायाचित्रे मोबाइलवर पाठवतात आणि अभिप्रायही त्यावरच मिळवतात. समोरासमोर बोलताना चेहरा आणि आवाज शब्दांना सौम्य करतात. लिहिलेल्या शब्दांना ती सोबत नसते. म्हणून लेखी अभिप्राय लगेच पाठवू नये. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वाचावा आणि ‘हे मला कोणी लिहिले असते, तर मी कामाला लागलो असतो की वही मिटली असती?’ असे स्वतःला विचारावे. गटावर सर्वांदेखत लिहिण्यापेक्षा तो लेखकालाच स्वतंत्रपणे पाठवणे केव्हाही इष्ट.

अभिप्राय घेणाऱ्याचेही काही कर्तव्य असते. मसुदा देताना ‘कसा वाटतो ते सांगा’ असे मोघम विचारू नये; ‘दुसरा मुद्दा पटतो का, ते पाहा’ असे नेमके विचारावे. ऐकताना समर्थन करू नये. ‘मला असे म्हणायचे होते’ हे वाक्य ओठांवर आले, की समजावे : ते निबंधात लिहायचे राहून गेले आहे. मिळालेल्या सूचनांचे तीन भाग करावेत : लगेच स्वीकारण्याच्या, विचार करण्याच्या आणि सोडून देण्याच्या. तिसरा भाग असणे यात सहाध्याय्याचा अपमान नाही, कारण निबंधावर नाव लेखकाचे असते आणि अंतिम निर्णयही त्याचाच. मात्र दोन वाचक एकाच जागी अडखळले असतील, तर त्यांनी सुचवलेला उपाय पटो वा न पटो, ती जागा पुन्हा पाहावीच.

६.३ सारांश

अभिप्राय म्हणजे वाचकाला काय जाणवले, कोठे जाणवले आणि पुढे काय करता येईल, याचे प्रामाणिक निवेदन. तो आशयापासून भाषेकडे या क्रमाने द्यावा, मसुद्यातील ओळींना धरून द्यावा आणि शक्य तेथे प्रश्नाच्या रूपात द्यावा. बोलीच्या खुणा दोष म्हणून मोजू नयेत. अनुभवपर लेखनात अनुभवावर शंका न घेता लेखनाविषयी बोलावे. अभिप्राय देण्याचा आणखी एक लाभ आहे : दुसऱ्याच्या मसुद्यात निराधार विधान ओळखू लागलेला विद्यार्थी हळूहळू स्वतःच्या मसुद्यातही ते ओळखू लागतो.

६.४ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. स्तुती आणि दोषदर्शन यांत कोणते साम्य आहे?
२. अंबरनाथ शिलालेखाच्या वर्षाची दोन वाचने कोणती?
३. एकच चूक अनेक वेळा झाली असेल, तर अभिप्राय कसा द्यावा?
४. ‘भाषा बोजड आहे’ या अभिप्रायात कशाची उणीव आहे?

उत्तरे : १. दोहोंमुळे लेखकाला पुढे काय करावे हे कळत नाही. २. शके ७८२ (इ. स. ८६०) आणि शके ९८२ (इ. स. १०६०). ३. चुकीचा प्रकार एकदा सांगून दोन उदाहरणे द्यावीत. उरलेली लेखकाला शोधू द्यावीत. ४. मसुद्यातील नेमक्या जागेच्या निर्देशाची.

६.५ उपक्रम

पुढील संपर्कसत्रापूर्वी अभ्यासकेंद्रावरील एका सहाध्याय्याशी आपल्या मसुद्याची अदलाबदल करा. त्याचा मसुदा दोनदा वाचा. मध्यवर्ती विधान एका वाक्यात लिहा, एक जिवंत जागा दाखवा आणि तीन प्रश्न विचारा. त्याच्या अभिप्रायानुसार आपला मसुदा पुन्हा लिहा. दोन्ही मसुदे शेजारी ठेवून, कोणता बदल कोणत्या प्रश्नामुळे झाला, याची नोंद करा आणि ती नोंद समंत्रकांना दाखवा.